विरघळलेला टाका जातो कुठे?

ताईच्या सिझरच्या वेळी माझ्याकडे एकच काम होतं. ऑपरेशन थिएटरच्या दारातून सिस्टरचा हात बाहेर यायचा, हातात चिठ्ठी असायची, ती घेऊन जिना उतरायचा आणि मेडिकलकडे पळायचं. दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: व्हिक्रिल नं. १, दोन नग. क्रोमिक कॅटगट, एक. मोनोक्रिल ३-०, एक. मेडिकलवाल्याने मान वर न करता चपटी पाकिटं काउंटरवर टाकली. बिल बघून मी जरा दचकलो, कारण त्या पाकिटांत दोऱ्याशिवाय काहीच नव्हतं. दोरा आणि त्याच्या टोकाला आधीच जोडलेली वाकडी सुई.

घरी सोडायच्या दिवशी मी विचारलं, टाके काढायला कधी आणू? "आणायचं नाही, विरघळणारे आहेत," सिस्टर म्हणाल्या. गाडीत बसल्यावर ताईच्या सासूबाईंनी बाळावरची नजर न काढता विचारलं, "विरघळले म्हणजे गेले कुठे रे? पोटातच ना?"

प्रश्न रास्त होता. साखर पाण्यात विरघळते तेव्हा ती कुठेही जात नाही. पाण्यातच असते, घोट घेतला की कळतं. मग हा धागा विरघळून राहतो कुठे? मला उत्तर येत नव्हतं. बाळंतपणाच्या रजेत ताई झोपायची आणि मी बाळाचा पाळणा हलवत वाचायचो, तेव्हा हळूहळू कळत गेलं.

पहिली गोष्ट अशी की 'विरघळणं' हा शब्दच थोडा फसवा आहे. साखर विरघळते तसा कुठलाच टाका विरघळत नाही. धागा नाहीसा होण्याच्या वाटा दोन. एक तर शरीर त्याला पचवतं, नाहीतर शरीरातलं पाणी त्याला तोडतं. आमच्या चिठ्ठीवरचा कॅटगट पहिल्या वाटेने जाणारा, व्हिक्रिल आणि मोनोक्रिल दुसऱ्या.

कॅटगटच्या नावात मांजर आहे, धाग्यात नाही. मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याचा चिवट पडदा घ्यायचा, धुवायचा, त्याच्या लांब पट्ट्यांना पीळ देऊन वाळवायचं आणि घासून गुळगुळीत करायचं, की झाला कॅटगट. आपल्याकडे या वस्तूला जुना शब्द आहे, तांत. पिंजारी कापूस पिंजताना धनुकलीच्या ज्या दोरीचा टणत्कार यायचा, ती तांत. सारंगीच्या मुख्य 'तारा' म्हणतो त्याही खरं तर बकऱ्याच्या आतड्याची तांतच.

तांत म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रथिन. आपली कातडी, स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर, कूर्चा, हे सगळं त्याच प्रथिनाचं. म्हणजे शरीराच्या दृष्टीने कॅटगट हा मांसाचा तुकडा. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गोळा होतात, प्रथिन तोडणारे पाचक रस सोडतात आणि धागा खाऊन टाकतात. साध्या कॅटगटची पकड आठवडा-दहा दिवसांत जाते. ती लांबवण्यासाठी धाग्याला क्रोमियमच्या क्षारात बुडवतात. चामडं कमावताना करतात तीच क्रिया. हा झाला क्रोमिक कॅटगट, तो साधारण तीन आठवड्यांपर्यंत धरून ठेवतो.

पण पचवणं म्हणजे एक छोटी लढाईच. टाक्याभोवती लाली येते, सूज येते. आणि लढाई प्रत्येक शरीरात वेगळ्या वेगाने चालते. जखमेत जंतू शिरले, ताप आला, किंवा माणूस कुपोषित असला तर धागा ठरलेल्या मुदतीआधीच दगा देऊ शकतो. तोंडात तर साधा कॅटगट काही दिवसांतच दिसेनासा होतो. शिवाय 'मॅड काउ' या गुरांकडून माणसात येऊ शकणाऱ्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने युरोप आणि जपान यांनी गुरांच्या आतड्यापासून बनलेला हा धागा बंद करून टाकला. आपल्याकडे तो अजून चालतो. स्वस्त आहे, मऊ आहे, आणि जुन्या डॉक्टरांच्या बोटांना त्याची सवय आहे. या तिन्ही कारणांना मी कमी लेखणार नाही.

इथे सुश्रुताचं नाव निघणारच, तर ते नीट काढू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखम शिवायला कशाकशाचा धागा घ्यावा याची यादी आहे: बारीक सूत, अश्मंतकाच्या सालीचा वाख, ताग, जवसाचा धागा, प्राण्याचा स्नायू (इथे त्याचा अर्थ मांस नव्हे, मांसाला हाडाशी बांधणारा चिवट दोर), केस, मोरवेल आणि गुळवेलीचे तंतू. अश्मंतक म्हणजे आपटा, दसऱ्याला ज्याची पानं सोनं म्हणून वाटतो तो. टाके घालण्याच्या चार पद्धतींची नावंही तिथे आहेत, त्यातली तुन्नसेवनी म्हणजे रफू करतात तशी. वाचून छाती फुगते. पण 'विरघळणारे टाके आपल्याकडे आधीच होते' असं पुढे ढकललेल्या मेसेजमध्ये लिहिण्याआधी यादी पुन्हा वाचावी. ताग, सूत, जवस, साल, वेल हे सगळे वनस्पतींचे तंतू. माणसाच्या शरीरात ते पचवणारा रसच नाही. त्या यादीतला स्नायू तेवढा कोलॅजेनचा, म्हणून शरीरात जिरू शकणारा. सुश्रुताची खरी चकित करणारी कल्पना दुसरीकडे आहे. आतडं फाटलं असेल तर फाटलेल्या कडा जुळवून त्यांवर मोठ्या काळ्या मुंग्या चावायला लावायच्या, मुंगीने जबडा मिटला की तिचं धड तोडायचं आणि डोकं तसंच ठेवून आतडं पोटात सारायचं. म्हणजे टाका आतच सोडून द्यायचा, काढायला परत पोट उघडायचं नाही, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो. मुंगीचं डोकं ज्या पदार्थाचं असतं त्याची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

टाका आतच सोडणं आज आपल्याला साधं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात मात्र ते धाडस होतं. मोठी रक्तवाहिनी रेशमाने बांधली की सर्जन दोऱ्याची टोकं लांब ठेवून जखमेबाहेर लोंबती सोडायचे. काही दिवसांनी ती टोकं ओढून बघायची. आतलं मांस सडून दोरा सुटला की तो बाहेर यायचा, आणि कधी कधी त्याच्यामागोमाग रक्ताची धारही यायची. रुग्ण बरा होत आलाय असं वाटत असतानाच जायचा. फिलाडेल्फियाच्या फिलिप फिझिक या सर्जनने १८१६ च्या सुमारास मऊ चामड्याच्या वाद्या वापरून बघितल्या होत्या, शरीर त्या खाऊन टाकेल या आशेने. कल्पना बरोबर होती, पण जंतू ही काय चीज आहे हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक झाल्यावर जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जनने १८६८ च्या अखेरीस एका वासरावर प्रयोग केला. जंतू मारणाऱ्या कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या तांतीने त्याने वासराच्या मानेतली मोठी धमनी बांधली, टोकं जवळून कापली आणि जखम बंद करून टाकली. लोंबता दोरा नाही, ओढाओढ नाही. महिन्याभराने वासरू मारून बघितलं तर तांतीच्या जागी जिवंत ऊतींचा पट्टा तयार झालेला होता. धागा हळूहळू बाजूला होत गेला आणि त्याची जागा शरीराने घेतली. या विषयातली सगळी गंमत मला त्या वासराच्या मानेत दिसते. धागा नुसता नाहीसा झाला असता तर धमनी सुटली असती. शरीराची डागडुजी पुरी होईपर्यंत तो थांबला, म्हणून काम झालं.

आता दुसरी वाट. पॉलिग्लायकोलिक आम्ल नावाचं प्लास्टिक रसायनशास्त्रज्ञांना १९३० च्या दशकापासून माहीत होतं आणि ते निरुपयोगी समजून बाजूला पडलं होतं. कारण काय, तर ओल लागली की ते कमकुवत होतं. ज्या प्लास्टिकची बादली पाण्याने ढिसूळ होते ते कोण घेणार? पुढे १९६० च्या दशकात कुणाच्या तरी लक्षात आलं की नेमका हाच दोष टाक्यासाठी गुण आहे. १९७० मध्ये त्याचा धागा डेक्सॉन या नावाने बाजारात आला, आणि काही वर्षांतच व्हिक्रिल. व्हिक्रिलमध्ये ९० टक्के ग्लायकोलाइड आणि १० टक्के लॅक्टाइड असतं.

ही नावं भारदस्त आहेत, पण मूळ ओळखीचं आहे. ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसात असतं. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याचा आंबटपणा, आणि जिने चढून मांड्या भरून येतात तेव्हा आपले स्नायूही तेच तयार करतात. या लहान रेणूंची माळ ओवली की धागा बनतो. दोन रेणूंमधला सांधा असा असतो की पाण्याचा रेणू तिथे घुसला की तो उसवतो. शरीरात पाणी सगळीकडे आहे. त्यामुळे पांढऱ्या पेशींना लढाई करावी लागत नाही, सूज कमी येते आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वेळापत्रक बरंचसं ठरलेलं राहतं. सासूबाईंना हवं होतं ते उत्तर इथे आहे. माळ तुटत तुटत शेवटी सुटे रेणू उरतात. शरीराला ते परके नसतात. थोडे लघवीवाटे जातात, बाकीच्यांचं पेशी इंधन करतात, आणि इंधन जळाल्यावर जे उरतं तेच उरतं, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. म्हणजे टाक्याचा बराचसा भाग ताईने श्वासातून बाहेर सोडला.

पाण्याचं एवढं वावडं असल्यामुळेच ती पाकिटं तशी असतात. आत ॲल्युमिनियमचा कागद, हवाबंद, कोरडं. पाकीट फोडून ठेवलं तर हवेतली ओल काम सुरू करते. मुंबईच्या जुलैतली हवा कशी असते ते सांगायला नको. उकळून किंवा वाफेवर निर्जंतुक करून उरलेला धागा पुन्हा वापरणं तर शक्यच नाही, वाफ म्हणजे गरम पाणीच. कॅटगटचं उलटं आहे. तो अल्कोहोल घातलेल्या द्रवात बुडवून पॅक करतात, कारण सुकला की ताठ होतो.

चिठ्ठीवरच्या आकड्यांचंही सांगून टाकतो, कारण मी ते मेडिकलवाल्याला चुकीचं वाचून दाखवलं होतं. ३-० म्हणजे तीन शून्यं. शून्यं जितकी जास्त तितका धागा बारीक. २-० साधारण ०.३ मिलिमीटर जाड, ५-० त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि डोळ्याच्या ऑपरेशनचा १०-० केसापेक्षाही कितीतरी बारीक. नुसता 'नं. १' असेल तर तो शून्यांच्या अलीकडचा, जाड.

आता या सगळ्यातला खरा मुद्दा. विरघळणाऱ्या धाग्याच्या दोन तारखा असतात आणि रुग्णाला त्यातली एकच सांगितली जाते. एक तारीख पकड सुटण्याची, दुसरी धागा दिसेनासा होण्याची. दोन्हींत कधी कधी महिन्यांचं अंतर असतं.

झेंडूची लांब माळ घ्या आणि चार ठिकाणी कातरीने कापा. फुलं तितकीच आहेत, वजन तितकंच आहे. पण दारावर तोरण म्हणून ती आता लागणार नाही. पाणी धाग्याचं हेच करतं. आधी मधेमधे सांधे तुटतात, ताकद जाते. फुलं म्हणजे धाग्याचे तुकडे बरेच दिवस जागेवरच असतात. व्हिक्रिलची ताकद दोन आठवड्यांनी ७५ टक्के, तीन आठवड्यांनी ५० टक्के, चार आठवड्यांनी २५ टक्के उरते. तो पूर्ण नाहीसा व्हायला मात्र ५६ ते ७० दिवस लागतात. मोनोक्रिल आणखी मजेशीर. रंग न दिलेल्या मोनोक्रिलची ताकद आठवड्यात निम्म्यावर येते आणि तीन आठवड्यांत संपते, पण धागा पुरता जिरायला ९१ ते ११९ दिवस. म्हणजे लवकर थकणारा आणि उशिरा उठणारा पाहुणा. पीडीएस नावाचा धागा दोन्ही बाबतींत सावकाश, तो सहा महिन्यांहून जास्त काळ पोटात असतो.

दुसरीकडे जखमेचं आपलं घड्याळ चालू असतं. कातडीवरची जखम पहिल्या आठवड्याच्या शेवटी मूळ ताकदीच्या जेमतेम ३ ते ५ टक्क्यांवर असते. तिसऱ्या आठवड्याअखेर २० टक्क्यांच्या आसपास, तीन महिन्यांनी ८० टक्के. शंभर ती कधीच गाठत नाही. हे आकडे वाचल्यावर 'आता टाके सुकले, उचल बादली' म्हणणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी मी जरा जोरात बोलू लागलो. वरून सुकलेली जखम आतून अजून कच्चीच असते.

सर्जनचं डोकं चालतं ते ही दोन घड्याळं जुळवण्यात. मूत्राशय दोन-तीन आठवड्यांत आपली ताकद परत मिळवतो, तिथे व्हिक्रिल पुरतो. उलट तिथे कधीच न विरघळणारा धागा ठेवला तर लघवीतले क्षार त्याच्यावर जमत जातात आणि धाग्याभोवती खडा तयार होतो. पित्तनलिकेतही तीच भीती. पोटाच्या भिंतीवर मधोमध उभा छेद घेतला तर तो भरायला महिने लागतात आणि प्रत्येक खोकल्याला त्याच्यावर ताण येतो. तिथे घाईने विरघळणारा धागा घातला तर पुढे हर्निया. म्हणून तिथे पीडीएससारखा सावकाश धागा. हृदयाची झडप किंवा धमनी शिवली असेल तर धागा जन्मभर राहायलाच हवा, तिथे विरघळणं म्हणजे घात. आणि कातडीच्या बरोबर खाली, जिथे आतल्या टाक्यांनी आधीच ताण घेतलेला असतो, तिथे मोनोक्रिल आरामात चालतो. ताईच्या चिठ्ठीवर तीन वेगळे धागे का होते ते तेव्हा कळलं. गर्भाशय आणि सिझरच्या आडव्या छेदाखालच्या पोटाच्या भिंतीला जाड व्हिक्रिल, मधल्या नाजूक थराला कॅटगट, वर कातडीला मोनोक्रिल.

तरीही रस्त्यावर पडून गुडघा फुटला तर डॉक्टर बहुतेक वेळा साधा काळा-निळा नायलॉनच घालतात आणि आठ-दहा दिवसांनी काढायला बोलावतात. ते मागासलेपण नव्हे. बाहेरच्या टाक्याला हात पोचतो, काढायला अर्धा मिनिट लागतं, नायलॉनभोवती सूज कमी येते. विरघळणारा धागा महागडा आहे म्हणून तो चांगलाच असणार, ही समजूत मेडिकलच्या काउंटरवर फार दिसते.

टाक्यांवर मी जरा जास्तच रेंगाळलो. पण जखमेत विरघळणारं टाक्यांखेरीज बरंच काही असतं.

दाढ काढल्यावर दंतवैद्य कधी कधी खड्ड्यात पांढरा चौकोनी तुकडा दाबून बसवतात. तो जिलेटिनचा स्पंज, १९४५ पासून वापरात असलेला. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट रक्त शोषतो, रक्ताच्या गुठळीला धरायला चौकट देतो आणि चार-सहा आठवड्यांत जिरून जातो. ऑपरेशनमध्ये टाका घालता येत नाही अशा जागी, उदाहरणार्थ यकृताच्या पृष्ठभागावर, जे कापडासारखं जाळीदार पातळ पटल ठेवतात ते ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज. न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया फ्रँट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला शरीरात जिरणारा कापूस म्हणून त्यावर काम केलं. मघाशी म्हटलं, वनस्पतीचा तंतू आपल्याला पचत नाही. मग हा कसा जिरतो? कापसाच्या सेल्युलोजवर रासायनिक क्रिया करून त्याला आम्लधर्मी केलं की त्याची साखळी शरीरात आपोआप सुटायला लागते. रक्त लागताच ते पटल काळपट, चिकट होतं. आम्लामुळे जंतूंनाही ते मानवत नाही. एक गंमत किंवा डोकेदुखी अशी की ऑपरेशननंतर लवकर स्कॅन काढला तर या जिरत असलेल्या पटलातली हवा आणि ओल पाहून आत पू झाला की काय अशी शंका येते. म्हणून आत काय ठेवलंय ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असणं फार महत्त्वाचं. तो कागद जपून ठेवावा.

आता मुंगीचं डोकं. ते कायटिनचं असतं. कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचाचाही हाच पदार्थ, जो आपण सोलून मांजरीपुढे टाकतो. त्या कवचावर प्रक्रिया करून कायटोसान मिळतं. त्याच्यावर धन विद्युतभार असतो आणि रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋण, त्यामुळे पेशी त्याला चिकटून बसतात आणि रक्ताची वाट बंद होते. अमेरिकन सैन्याने २००० च्या दशकात कायटोसानच्या पट्ट्या युद्धात वापरल्या. भारतातही ॲक्सिओस्टॅट नावाची अशी पट्टी तयार होते. पण ही आत ठेवून द्यायची वस्तू नाही. रक्त थांबलं की सलाइनने भिजवून ती सोडवून काढतात.

असंच समुद्रातलं दुसरं, तपकिरी शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट. मधुमेहाच्या पायाच्या जखमेवर लोकरीच्या पेळूसारखी मऊ पट्टी ठेवलेली पाहिली असेल तर ती बहुधा हीच. या धाग्यांत कॅल्शियम असतं. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवात सोडियम असतं. दोघं जागा बदलतात आणि धाग्याचा लिबलिबीत जेल होतो, साबुदाणा भिजल्यासारखा. पट्टी बदलताना तो धुऊन काढायचा, कोवळ्या मांसाला ओढ बसत नाही. ज्याने वाळलेली गॉज जखमेवरून ओढून काढताना बघितली आहे त्याला याची किंमत सांगावी लागत नाही. मात्र कोरड्या जखमेवर अल्जिनेट लावण्यात अर्थ नाही, पाझरच नसेल तर जेल होणार कशाचा?

जखम ओलसर ठेवायची, हे आपल्याकडे अजून पचलेलं नाही. 'हवा लागू दे, खपली धरू दे' हेच घरोघरी. लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं की पातळ प्लास्टिकखाली ओलसर राहिलेल्या उथळ जखमेवर नवी कातडी खपली धरलेल्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. कारण कातडीच्या पेशी ओल्या जमिनीवर सरकत जातात. खपली असेल तर त्यांना खालून बोगदा खणत जावं लागतं. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर, अगदी कमी खर्चात, भाजलेल्या मुलांसाठी बटाट्याच्या उकडलेल्या सालींच्या पट्ट्या केल्या. बटाट्याची साल मुळात बटाट्याला सुकू न देण्यासाठीच असते. गॉजवर चिकटवून निर्जंतुक केलेल्या त्या साली मुलांना न रडवता निघायच्या. साल विरघळत नाही, त्यामुळे खरं तर ती या लेखाच्या विषयात बसत नाही, पण तिला वगळून पुढे जायला माझं मन होईना. घरच्या कुकरमध्ये हा प्रयोग मात्र कृपा करून करू नये.

भाजलेल्याच जखमांसाठी सगळ्यात पुढे गेलेली वस्तू अमेरिकेत बॉस्टनजवळ तयार झाली. अभियांत्रिकीचे प्राध्यापक यानस आणि सर्जन बर्क यांना हवी होती खोल भाजून गेलेल्या कातडीची जागा भरणारी चौकट. गायीच्या कोलॅजेनमध्ये शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ मिसळून त्यांनी बारीक छिद्रांचा स्पंज केला आणि वरून सिलिकॉनचा पापुद्रा चढवला. १९८१ मध्ये त्यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष छापले, १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. छिद्रांतून रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत चढतात, जसजसं नवं बांधकाम होतं तसतसा जुना सांगाडा जिरतो. दोन-तीन आठवड्यांनी वरचं सिलिकॉन सोलून काढायचं आणि कातडीचा अगदी पातळ थर लावायचा. लिस्टरच्या वासराच्या मानेत एका धाग्याच्या जागी घडलं ते इथे हातभर कातडीच्या जागी घडतं. छिद्रं फार लहान केली तर पेशी शिरत नाहीत, सांगाडा लवकर जिरला तर पेशींना पाय ठेवायला जागा राहत नाही. पुन्हा तीच दोन घड्याळं. आपल्याकडच्या जळीत विभागांत साधी कोलॅजेनची पटलं जास्त दिसतात, आणि चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने कोलॅजेनवर बरंच काम केलेलं आहे. कातडं कमावण्याची विद्या कातडी भरून काढायला उपयोगी पडली.

एका वस्तूबद्दल नेहमी गल्लत होते, कातडी चिकटवायचा डिंक. मुलाच्या कपाळावरच्या लहान जखमेला तो छान चालतो. पण तो विरघळत नाही, वर सुकतो आणि पाच-दहा दिवसांत खालच्या कातडीबरोबर पापुद्र्यासारखा निघून जातो. दुकानातला झटपट चिकटवणारा गोंद त्याच घराण्यातला असला तरी तो जखमेसाठी बनवलेला नाही.

जनावरांपासून बनलेल्या वस्तूंबद्दल एक गोष्ट राहिली. काही जिलेटिन स्पंज डुकराच्या कातडीपासून बनतात, कोलॅजेन बऱ्याचदा गुरांचं असतं. ज्याला हे चालत नाही त्याने ऑपरेशनआधी स्पष्ट विचारावं. बहुतेक ठिकाणी दुसरा पर्याय असतो आणि विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

ताईला सातव्या आठवड्यात टाक्याच्या उजव्या टोकाशी फुणसी आली. दोन दिवसांनी ती फुटली आणि त्यातून पांढरं टोक डोकावलं. सासूबाईंनी ते ओढायला हात पुढे केला, मी जवळजवळ ओरडलोच. अशा वेळी ओढायचं नाही, आतलं किती लांब आहे ते बाहेरून कळत नाही. हळद, राख, टूथपेस्टही नाही. दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चिमट्याने टोक धरलं, कातडीलगत कापलं आणि तो तुकडा गॉजवर ठेवला. मोनोक्रिलची गाठ. तिची पकड महिन्यापूर्वीच संपली होती, धागा तेवढा मुदतीआधी वर आला होता.

सासूबाईंनी चष्मा लावून गॉज उजेडाकडे धरली. गव्हल्याएवढा तुकडा होता.

"आणि बाकीचा?"

"बाकीचा चाललाय, मावशी. थोडा थोडा श्वासातून."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ताईकडे, आणि गॉज कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली.